पोटाचा घेर आणि पूर्वेचं वैद्यक

जपानमधल्या औषधांच्या मोठ्या दुकानात पोटावरची चरबी कमी करणाऱ्या गोळ्यांसाठी राखलेला एक कप्पा हमखास दिसतो. खोक्यांवरची नावं आणि चित्रं वेगवेगळी असतात, पण आतलं औषध पुष्कळदा एकच असतं : ‘बोफुत्सुशोसान’. अठरा द्रव्यांचं हे मिश्रण लिउ वानसू या चिनी वैद्याच्या ११७२ सालच्या ग्रंथातून आलं आहे. लिउच्या काळी ते वजन उतरवण्यासाठी देत नसत. अंगात उष्णता साठलेली, ताप चढलेला, शौचाला साफ होत नाही, अशा मुळात धडधाकट असलेल्या रुग्णांसाठी ते होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोरी दोहाकू या जपानी वैद्याने ते भरपूर खाणाऱ्या, भरलेल्या अंगाच्या माणसांना द्यायचा प्रघात पाडला. आज तेच औषध जपानी डॉक्टर राष्ट्रीय आरोग्य विम्यातून लिहून देतात आणि चिठ्ठीशिवायही ते विकत मिळतं.

चीन, कोरिया आणि जपान या तिन्ही देशांत लठ्ठपणावर असे काढे, सुया आणि व्यायामाच्या पद्धती वापरात आहेत. त्यांच्या जाहिराती आता आपल्या मोबाइलपर्यंतही पोचल्या आहेत. त्यामुळे त्यांचा उपयोग किती, कशाच्या जोडीने आणि कोणत्या धोक्यासह, हे नीट समजून घेणं गरजेचं झालं आहे. उपलब्ध पुरावा वाचल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. ही औषधं आहार आणि हालचालीच्या जोडीला थोडी मदत करतात. त्यांच्या जागी बसवली की निरुपयोगी ठरतात आणि कधी कधी जिवावर बेततात.

वजनापेक्षा माणूस आधी

चिनी वैद्यकाच्या मते अन्नाचं शक्तीत रूपांतर करण्याचं काम प्लीहा आणि जठर मिळून करतात. हे काम मंदावलं की शरीरात ओल साठते, ती घट्ट होऊन कफ बनतो आणि मेद वाढतो. जाड माणसांत कफ आणि ओल जास्त असते, हा विचार झू दानशी (१२८१–१३५८) या वैद्याने ठामपणे मांडला. मराठी वाचकाला यात ओळखीचं काही दिसेल. चरकसंहितेतल्या अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूल माणसाचं वर्णन आहे, आणि मेद वाढण्याचा कफाशी असलेला संबंध आपल्या वैद्यांच्या बोलण्यात नेहमीच येतो. इथली प्लीहा मात्र शरीरशास्त्रातली प्लीहा मानायची नाही. ते पचनाच्या एका कल्पित व्यवस्थेचं नाव आहे.

या विचाराचा परिणाम असा, की सारख्याच वजनाच्या दोन माणसांना वेगवेगळं औषध मिळतं. जपानी कांपो पद्धतीत वैद्य नाडी आणि जीभ तर पाहतोच, पण रुग्णाला उताणं झोपवून त्याचं पोटही हाताने चाचपतो. पोट घट्ट, अंगात जोर, बद्धकोष्ठ, चेहरा लालसर, अशा माणसाला बोफुत्सुशोसान चालतं. पोट मऊ, अंग सुजल्यासारखं, घाम फार, लगेच थकवा, अशा माणसाला ते देत नाहीत. त्याच्यासाठी दुसरी सौम्य औषधं आहेत. कोरियात यी जे-मा (१८३७–१९००) याने माणसांच्या चार प्रकृती सांगितल्या. त्यांपैकी ‘थेउम’ प्रकृतीच्या माणसांचं वजन पटकन वाढतं, असं तिथे मानतात. त्यांच्यासाठीचा ‘थेउम-जोवी-थांग’ हा काढा कोरियन दवाखान्यांत लठ्ठपणासाठी फेरफार करून दिला जातो.

नाडी आणि प्रकृती यांच्या वर्गीकरणाला प्रयोगशाळेत तंतोतंत आधार मिळालेला नाही. तरीही त्यामागची एक सवय मला मोलाची वाटते. असा वैद्य रुग्णाला झोप, शौच, तहान, पायांचा गारठा, भुकेची वेळ, मनावरचा ताण हे सगळं विचारतो. वजनकाट्यावरच्या आकड्याआधी तो माणसाचा दिवस ऐकून घेतो.

जुने ग्रंथही औषधाआधी दिनक्रमच सांगतात. कोरियाचा ‘दोंगउइबोगाम’ हा होओ जून याचा वैद्यकग्रंथ १६१३ साली छापला गेला. २००९ साली युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिलं. रोग होऊ नये म्हणून शरीर कसं सांभाळावं, याला त्यात मोठं स्थान आहे. जपानमध्ये काइबारा एकिकेन याचं ‘योजोकुन’ हे आरोग्यावरचं पुस्तक १७१३ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा त्याचं वय ऐंशीच्या पुढे होतं. पोट भरण्याआधीच हात आवरावा आणि जेवणानंतर काही शे पावलं चालावं, असा त्याचा सल्ला. आपल्या शतपावलीची आठवण व्हावी असाच हा नेम आहे. या परंपरेचा पाया आहार, चालणं आणि संयम हाच आहे; काढा त्यानंतर येतो.

अठरा द्रव्यं पोटात गेल्यावर

बोफुत्सुशोसानमधली काही द्रव्यं आपल्याही घरातली आहेत : आलं, पुदिना, ज्येष्ठमध. काही आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतील, जसं रेवंदचिनी आणि शंखजिरं. पण या मिश्रणाचा जोर येतो तो ‘माहुआंग’ म्हणजे एफेड्रा या झुडपाच्या दांड्यांतून. १८८५ साली नागाइ नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने त्यातून एफेड्रिन हे द्रव्य वेगळं काढलं. एफेड्रिनमुळे शरीरात नॉरअ‍ॅड्रिनलिन हे रसायन अधिक सुटतं. संकटाच्या वेळी शरीर जशी तयारी करतं, तशीच तयारी मग औषधाने होते. हृदयाचे ठोके वाढतात, भूक मरते आणि तपकिरी मेद नावाची उष्णता निर्माण करणारी चरबी जास्त जळू लागते. मिश्रणातली आणखी काही द्रव्यं हा परिणाम लवकर ओसरू देत नाहीत, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

रेवंदचिनीचं काम वेगळं. सोनामुखीत असणारी सेनोसाइड्स हीच रेचक द्रव्यं तिच्यातही असतात. त्यांनी शौचाला साफ होतं, पोट हलकं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी काटा थोडा खाली आलेला दिसतो. या हलकेपणाला बरेच जण फसतात. अन्नातली शक्ती लहान आतड्यात आधीच शोषली गेलेली असते. रेचकाचा परिणाम होतो तो पुढच्या मोठ्या आतड्यावर. तिथून जातं ते मुख्यतः पाणी आणि मळ. चरबी होती तिथेच राहते आणि पाणी प्यायलं की काटा पुन्हा वर येतो.

ज्येष्ठमधाचा स्वाद गोड, पण मोठ्या प्रमाणात आणि बराच काळ घेतलं तर तेही त्रास देतं. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्क्रिय करणारं एक विकर असतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन त्याला रोखतं. मग शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीतून निघून जातं, रक्तदाब चढतो, पाय सुजतात, स्नायूंत जोर राहत नाही. जपानी डॉक्टर या दुष्परिणामावर बारीक लक्ष ठेवतात. याच मिश्रणातल्या स्कुटेलॅरियाच्या मुळामुळे क्वचित यकृताला किंवा फुप्फुसाला इजा होते. गार्डेनियाची फळं असलेली औषधं वर्षानुवर्षं घेतल्यास मोठ्या आतड्याच्या शिरा कडक होऊ शकतात. ‘वनस्पतींचं आहे, म्हणजे निर्धोक आहे’ ही समजूत या एकाच औषधाच्या माहितीपुढे टिकत नाही.

जपानमध्ये हे औषध बरंचसं आटोक्यात राहिलं, त्याला एक कारण आहे. मेइजी काळात तिथल्या सरकारने पाश्चात्त्य वैद्यकाची परीक्षा दिल्याशिवाय डॉक्टर होता येणार नाही, असा नियम केला. त्यामुळे आज कांपो औषध लिहिणारा माणूस मुळात आधुनिक डॉक्टर असतो. १९६७ पासून कांपो औषधं विम्यात यायला लागली. आता अशी १४८ मिश्रणं विम्यातून मिळतात, आणि २००१ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमातही कांपोचा समावेश आहे. पोट चाचपणारा डॉक्टरच रक्तातलं पोटॅशियम आणि यकृताच्या चाचण्याही तपासू शकतो. कोरियात पारंपरिक वैद्यांचा परवाना १९५१ पासून वेगळा आहे आणि त्यांचं शिक्षण स्वतंत्र महाविद्यालयांत होतं. दोन्ही देशांनी व्यवस्था वेगवेगळ्या उभारल्या, पण औषध कोण देतो याची जबाबदारी दोघांनीही निश्चित केली.

जोडीने दिलं तेव्हा काय झालं

बोफुत्सुशोसानचा एक अभ्यास २००४ साली जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यात लठ्ठ आणि साखर पचवण्याची क्षमता मंदावलेल्या स्त्रिया होत्या. सर्वांना रोज १२०० कॅलरींचा आहार आणि ३०० कॅलरी खर्च होतील इतका व्यायाम नेमून दिला. निम्म्यांना औषध, उरलेल्यांना तसंच दिसणारं पण निष्क्रिय चूर्ण. २४ आठवड्यांनी पाहिलं तर वजन दोन्ही गटांत उतरलं होतं. फरक होता तो दोन गोष्टींत. औषध घेणाऱ्यांच्या पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी लक्षणीय घटली, निष्क्रिय चूर्ण घेणाऱ्यांची तितकी घटली नाही. दुसरं म्हणजे विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी शक्ती खर्च करतं, ती निष्क्रिय चूर्णाच्या गटात कमी झाली, औषधाच्या गटात टिकून राहिली.

हा दुसरा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. आपण कमी खायला लागलो की शरीर उपासमारीची शक्यता गृहीत धरून खर्चात काटकसर करतं. म्हणूनच पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर वजन हलेनासं होतं आणि माणूस हताश होतो. औषधाने ही काटकसर थोडी थोपवली असेल, तर तो खरा फायदा आहे. तरी अभ्यास लहान होता, फक्त स्त्रियांवर होता आणि सहा महिन्यांच्या आतला होता. त्यावरून कोणालाही दुकानातून डबी आणण्याचा परवाना मिळत नाही. पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते : वजन उतरण्याचा पाया दोन्ही गटांत आहार आणि व्यायाम हाच होता; औषधाने त्यावर भर घातली.

सुई, कान आणि आठवड्याची भेट

अ‍ॅक्युपंक्चरची मराठी मुलखाशी ओळख जुन्या मैत्रीतून आली आहे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, आणि त्यांचे सहकारी कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ साली चीनमध्येच वारले. बसूंनी पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून घेतलं आणि ते भारतात आणलं. आज महाराष्ट्रात या उपचाराला कायद्याचा आधार आहे आणि त्याची स्वतंत्र परिषदही आहे.

वजनासाठी सुया बहुधा पोटावर, पायावर आणि कानात टोचतात. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर असलेला ‘झूसानली’ हा बिंदू पचनासाठी प्रसिद्ध आहे. कानाच्या पाळीवर तर बारीक बी चिकटपट्टीने लावून देतात आणि जेवणाआधी ते बोटाने दाबायला सांगतात. कानावर सगळ्या शरीराचा नकाशा मांडण्याची कल्पना मात्र फ्रान्सच्या पॉल नोजिए या डॉक्टरची. १९५०च्या दशकात त्याने ती मांडली आणि मग चीनने ती स्वीकारून वाढवली.

२००९ साली कोरियन संशोधकांनी वजनावरच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. आहार-व्यायामाच्या सल्ल्याशी तुलना करता सुयांच्या गटात सरासरी पावणेदोन किलोंच्या आसपास जास्त घट दिसली. खोट्या सुयांशी तुलना करता फरक दीड किलोच्या आसपास होता. बऱ्याच चाचण्यांचा दर्जा कच्चा होता, हेही त्यांनी नोंदवलं. फरक लहान आहे. कोणी महिन्यात दहा किलो उतरवण्याची हमी देत असेल, तर ती हमी या पुराव्यात कुठेही नाही.

कानाला मेंदूतून निघणाऱ्या व्हेगस या नसेची एक फांदी मिळते. तिच्यामार्फत भुकेवर काही परिणाम होत असावा, असं संशोधकांना वाटतं. मला यात आणखी एक कारण दिसतं. सुयांच्या उपचारासाठी माणूस दर आठवड्याला दवाखान्यात जातो. तिथे वजन होतं, विचारपूस होते. कानातलं बी दाबण्यासाठी जेवणाआधी तो एक क्षण थांबतो आणि आपल्याला खरंच किती भूक आहे याकडे त्याचं लक्ष जातं. भेटीच्या त्या शिस्तीचा आणि थांबण्याचा उपयोग सुईच्या टोकाइतकाच असावा. अशी शिस्त ज्या उपचारात नसते, तो अर्धाच राहतो.

औषधाविना मिळालेलं सर्वांत मोठं यश

पूर्व आशियाने वजन आणि साखर यांच्याबद्दल जगाला जे सर्वांत भक्कम ज्ञान दिलं, त्यात काढा नाही आणि सुईही नाही. उत्तर चीनमधल्या दाचिंग या तेलनगरीत १९८६ साली एक अभ्यास सुरू झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५७७ प्रौढांची ३३ दवाखान्यांतून निवड केली. काही दवाखान्यांत आहारावर भर दिला, काहींत व्यायामावर, काहींत दोन्हींवर. काही दवाखाने तुलनेसाठी ठेवले. हा प्रयोग सहा वर्षं चालला. पण संशोधकांनी या माणसांचा मागोवा तीस वर्षं घेतला. २०१९ साली निष्कर्ष आला, तो असा : जीवनशैली बदललेल्यांचा मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षं लांबला, हृदयरोगाने व पक्षाघाताने होणारे मृत्यू तेहतीस टक्क्यांनी घटले आणि आयुष्य सुमारे दीड वर्षाने वाढलं. सहा वर्षांच्या बदलाने तीस वर्षं साथ दिली.

व्यायामाच्या बाबतीत हाँगकाँगमधली एक चाचणी अशीच दिलासा देणारी आहे. पोट सुटलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या ५४३ जणांना तीन गटांत विभागलं. एक गट ताई-ची करणारा, एक गट वेगाने चालणं आणि ताकदीचे व्यायाम करणारा, आणि तिसरा काहीच न करणारा. पहिले दोन गट आठवड्यातून तीन दिवस, एक एक तास असे बारा आठवडे व्यायाम करत होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ताई-चीच्या गटात कमरेचा घेर सुमारे १.८ सेंटिमीटरने घटला आणि नेहमीच्या व्यायामाच्या गटात १.३ सेंटिमीटरने. ताई-चीच्या हालचाली संथ असतात आणि सांध्यांवर भार कमी पडतो. गुडघे दुखतात म्हणून व्यायाम सोडून दिलेल्या साठीतल्या माणसासाठी ही बातमी फार मोलाची आहे. घेर कमी करायला धापच लागली पाहिजे असं नाही. नेम चुकता कामा नये.

केवळ सल्ल्याने मात्र काम भागत नाही, हेही जपानने दाखवून दिलं. २००८ पासून तिथे चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या सगळ्यांच्या आरोग्यतपासणीत कंबर मोजतात. पुरुषांची ८५ आणि स्त्रियांची ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली आणि रक्तदाब किंवा साखरेचीही तक्रार असली, तर आहार-व्यायामाचं मार्गदर्शन सुरू होतं. या योजनेच्या मोठ्या पाहणीत वर्षभरानंतरचा फरक सरासरी पाव किलोच्या आसपास निघाला आणि तोही पुढे विरला. एखाद-दोन भेटींतल्या उपदेशाने माणसाचा दिवस बदलत नाही. दाचिंगमध्ये सहा वर्षं पाठपुरावा झाला, म्हणून तिथे फळ मिळालं.

ब्रुसेल्सचा धडा

औषधाची सांगड तुटली की काय होतं, याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण आशियात घडलं नाही. ते बेल्जियममध्ये घडलं. ब्रुसेल्समधल्या वजन कमी करणाऱ्या एका दवाखान्यात १९९०च्या सुमाराला स्त्रियांना कॅप्सूल दिल्या जात होत्या. त्यात चिनी वनस्पतींची भुकटी मिसळली होती. ‘हान-फांगजी’ म्हणजे स्टिफेनिया ही वनस्पती वापरायची होती. पुरवठ्यात तिच्या जागी नावाने जवळची ‘ग्वांग-फांगजी’, म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिया, आली. अ‍ॅरिस्टोलोकियातलं आम्ल मूत्रपिंडाचं ऊतक झपाट्याने नष्ट करतं. १९९२ नंतर तरुण, एरवी निरोगी स्त्रिया मूत्रपिंड निकामी होऊन रुग्णालयात येऊ लागल्या. एकूण शंभराहून अधिक रुग्ण नोंदले गेले. पुढे त्यांच्यात मूत्रमार्गाचा कर्करोगही दिसला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निकामी झालेली मूत्रपिंडं काढून टाकलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांत कर्करोग सापडला.

या स्त्रियांनी जीव धोक्यात घातला, तो थोडं वजन उतरावं म्हणून. कोणत्याही परंपरेत, कोणत्याही पद्धतीत, इतकी मोठी किंमत मागणाऱ्या उपचाराला जागा असता कामा नये. एक मूळ दुसऱ्या मुळाच्या जागी कुणाच्याही नकळत आलं आणि कुणी तपासून पाहिलं नाही. हीच सर्वांत भयावह बाब आहे.

एफेड्राची कथाही बोधप्रद आहे. पूर्व आशियात एफेड्रा हे वैद्याने मापून, इतर द्रव्यांत मिसळून आणि रुग्ण निवडून द्यायचं औषध होतं. अमेरिकेत ते वजन कमी करणाऱ्या, ताकद वाढवणाऱ्या गोळ्यांत शिरलं आणि दुकानातून कुणीही घेऊ लागलं. २००३ सालच्या एका आढाव्यात दिसलं, की एफेड्राने महिन्याला सुमारे ०.९ किलो जास्त वजन उतरतं. पण धडधड, घबराट आणि मळमळ यांचा धोका दुपटीतिपटीने वाढतो. त्याच वर्षी स्टीव्ह बेकलर या तरुण बेसबॉल खेळाडूचा सरावात उष्माघाताने मृत्यू झाला. तो एफेड्राच्या गोळ्या घेत होता. २००४ साली अमेरिकेने अशा पूरक गोळ्यांवर बंदी घातली.

यापलीकडे भेसळीचा धोका आहेच. २००२ साली जपानमध्ये चीनहून आलेल्या वजन कमी करणाऱ्या गोळ्यांत फेनफ्लुरामिनचं एक घातक रूप सापडलं. त्याने यकृत निकामी होऊन काही माणसं दगावली. हृदयाला धोका म्हणून २०१०-११ च्या सुमारास अमेरिका, युरोप आणि भारतानेही काढून टाकलेलं सिब्युट्रामिन ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत आजही वारंवार आढळतं. एखादी वनौषधीची गोळी आठवड्यात भूक पूर्णपणे मारत असेल, तर त्यात वनस्पतीशिवाय दुसरं काहीतरी आहे, अशी शंका घ्यायलाच हवी.

आपण काय करावं

हा विषय आपल्यासाठी दूरचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून मेदाने भरलेला, असा भारतीय देह त्या एका छायाचित्राने जगाला समजावून सांगितला. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या पुढचा बीएमआय जास्त आणि २५ च्या पुढचा लठ्ठपणा मानतात. पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असली तर काळजी घ्यावी, असं तज्ज्ञ सांगतात. आपल्या बाबतीत काट्याइतकाच टेपही महत्त्वाचा आहे.

औषधांच्या ताकदीचं प्रमाणही डोळ्यांसमोर असावं. सेमाग्लुटाइड या नव्या इंजेक्शनच्या २०२१ सालच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी जवळजवळ १५ टक्के उतरलं. निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांचं अडीच टक्क्यांच्या आत. त्या चाचणीतही दोन्ही गटांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन होतंच, आणि इंजेक्शन थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. एवढं प्रबळ औषधही सवयींचं काम स्वतः करत नाही, तर काढ्याकडून ती अपेक्षा का करावी?

पूर्वेच्या पद्धतीची मदत घ्यायची असेल, तर आधी रक्तदाब, साखर, यकृत, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासून घ्यावं. वैद्याची नोंदणी विचारावी. औषधातल्या प्रत्येक वनस्पतीचं पूर्ण नाव लिहून मागावं. ‘गुपित मिश्रण’ म्हणून नाव न सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड, मानसिक आजार यांचं औषध चालू असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते आधीच सांगावं. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी एफेड्रा आणि रेवंदचिनीपासून दूर राहावं. छातीत धडधड, पायांवर सूज, अंगात अचानक अशक्तपणा, डोळ्यांना पिवळेपणा, कोरडा खोकला किंवा दम, यांपैकी काहीही जाणवलं तर औषध लगेच थांबवून डॉक्टर गाठावा.

आणि औषधाच्या आधीपासून दिवस बदलायला सुरुवात करावी. रात्रीचं जेवण लवकर आणि थोडं, भाताच्या वाढीऐवजी भाजी आणि डाळ, पोट तुडुंब भरण्याआधी हात आवरणं, रोज ठरलेल्या वेळी चालणं, पुरेशी झोप. सुरुवातीच्या वजनाच्या पाच ते सात टक्के घट झाली तरी साखर आणि रक्तदाब सुधारतात. बारा आठवड्यांनी कंबर आणि वजन मोजून पाहावं. फरक नसेल तर उपचार लांबवत बसू नये.

पहिल्याच भेटीत वैद्याला एक प्रश्न विचारण्यासारखा आहे : तुमचा काढा किंवा सुया थांबल्यावर माझ्या रोजच्या दिवसात काय शिल्लक राहणार? ज्याच्याकडे याचं उत्तर आहे, जो तुमचं ताट, तुमची झोप आणि तुमची पावलं यांची चौकशी करतो आणि महिन्यामहिन्याने पुन्हा बोलावतो, त्याची मदत जरूर घ्यावी. ज्याच्याकडे फक्त डबी आहे, त्याच्या दारातून परत यावं.